साठ टक्के, पण कशाचे? टेनिससाठी कॉलेज बदलण्याआधीचा हिशेब

प्रश्न (थोडक्यात): मुलगा अमेरिकेत एनसीएए (कॉलेज खेळांची संघटना) डिव्हिजन 1 या वरच्या गटातल्या एका लहान कॉलेजात टेनिस खेळतो. मे महिन्यात दुसरं वर्ष संपेल. वर्षाचा खर्च 48,000 डॉलर. त्यात 20,000 ची क्रीडा आणि 12,000 ची गुणवत्ता शिष्यवृत्ती, उरलेले 16,000 आम्ही भरतो. त्याला मोठ्या विद्यापीठात जायचंय. तिथला खर्च 60,000, त्यात शिकवणी फी 42,000. ‘साठ टक्के मिळतील’ असं ओळखीतून कळलंय. गुणवत्ता शिष्यवृत्ती तिथे बदलून येणाऱ्यांना नाही. प्राथमिक तपासणीत त्याच्या 60 पैकी 46 क्रेडिटच (पूर्ण केलेल्या विषयांचे गुणांक) पदवीत धरली गेली. 18 लाखांची एफडी आहे. बाकीच्यासाठी पीएफ काढावा का? निवृत्तीला चार वर्षं आहेत.

उत्तर: पीएफला हात लावू नका. आणि आज जे हातात आहे त्याच्या जोरावर मुलाने ट्रान्सफर पोर्टलमध्ये (कॉलेज बदलू इच्छिणाऱ्या खेळाडूंची एनसीएएची यादी) नावही घालू नये.

आधी ते साठ टक्के. एकूण खर्चाचे असतील तर 36,000 मिळतील, तुमच्या वाट्याला 24,000 राहतील. फक्त शिकवणी फीचे असतील तर मिळतील 25,200, भरायचे 34,800. एकाच आकड्याच्या दोन अर्थांत वर्षाला 10,800 डॉलरचा फरक! आजच्याइतकाच भार ठेवायचा तर एकूण खर्चाच्या सुमारे 73 टक्के मदत हवी.

पण खरी गोम क्रेडिटमध्ये आहे. पदवीला 120 लागतात. 46 धरली तर 74 उरतात. सत्राला 15 घेतली तरी चार सत्रांत 60 होतात, म्हणजे पाचवं सत्र आलंच. तोवर त्याचे चारही मोसम खेळून झालेले असतील, त्यामुळे त्या सत्राला क्रीडा शिष्यवृत्ती मिळेल असं धरू नका. पूर्ण 30,000 मोजा. सध्याच्या कॉलेजातच राहिला तर उरलेली दोन वर्षं 32,000 मध्ये होतात. तिकडे, साठ टक्क्यांचा चांगला अर्थ घेऊनही, 78,000. फरक 46,000 डॉलर; डॉलरला 90 रुपये धरले तर 41 लाखांच्या वर. वाईट अर्थ घेतला तर जवळपास 61 लाख.

शिवाय 46 म्हणजे 38.3 टक्के. डिव्हिजन 1 मध्ये तिसऱ्या वर्षाच्या सुरुवातीला पदवीचा 40 टक्के भाग पूर्ण लागतो, म्हणजे 48 क्रेडिट. दोन क्रेडिट कमी पडली म्हणून मुलगा बाकावर बसेल. 2024 पासून बदली झाल्यावर लगेच खेळता येतं हे खरं, पण अभ्यासाच्या अटी पूर्ण असतील तरच. उपाय आहे: नाकारलेल्या विषयांचे अभ्यासक्रम-तपशील पाठवून फेरतपासणी मागायची आणि उन्हाळी सत्रात 3 क्रेडिटचा एक विषय करायचा. तो विषय आपल्या पदवीत धरणार, हे नव्या कॉलेजकडून आधी लेखी घ्या. नुसतं ‘ऐच्छिक’ म्हणून धरलेलं क्रेडिट इथे कामाला येईलच असं नाही.

खेळाच्या बाजूने एकच विचारतो: त्या संघात त्याचा क्रमांक कितवा? लढतीत एकेरीचे सहाच सामने असतात. एनसीएएच्या 2025 च्या न्यायालयीन तडजोडीत सामील झालेल्या कॉलेजांत पुरुष टेनिस संघाला साडेचार पूर्ण शिष्यवृत्त्यांची जुनी मर्यादा गेली आणि संघाला दहा जणांची मर्यादा आली. त्यामुळे पैसे देता येतात, पण जागा मोजक्या. सातव्या क्रमांकावर बसण्यासाठी 41 लाख मला तरी पटत नाहीत.

अडचण अशी की नाव पोर्टलमध्ये येईपर्यंत तिथले प्रशिक्षक अधिकृतपणे बोलू शकत नाहीत, आणि नाव गेलं की सध्याच्या कॉलेजला पुढच्या सत्रापासून क्रीडा शिष्यवृत्ती कमी किंवा बंद करण्याची मुभा मिळते. नाव मागे घेता येतं. जुन्या प्रशिक्षकाने परत घ्यायलाच हवं असं नाही. तेव्हा 20,000 गेले तर वर्षाला 36,000 भरून इथेच शिकता येईल का, हे आधी घरात ठरवा. 12,000 ची शिष्यवृत्ती संघात असण्यावर अवलंबून आहे का, तेही तिच्या पत्रात वाचा. खेळानुसार पोर्टलची मुदत ठरलेली असते. ती कॉलेजच्या कम्प्लायन्स ऑफिसकडून (एनसीएएचे नियम पाहणारा विभाग) घ्या.

माझी मर्यादा सांगतो. फेरतपासणीनंतर पदवी चार सत्रांत, फार तर एखाद्या उन्हाळी विषयासह, बसत असेल आणि एकूण खर्चाच्या साठ टक्क्यांचा सही झालेला मदत-करार दोन वर्षांसाठी असेल, तर जादा भार 16,000 डॉलर, म्हणजे 14.4 लाख. तो एफडीतून निघतो; जा म्हणेन. करार एकाच वर्षाचा असेल तर दुसऱ्या वर्षाचं नूतनीकरण 1 जुलैपर्यंत कळतं, तोवर दुसरं कॉलेज शोधायला फार उशीर झालेला असतो.

करार सही झाला की मगच सध्याच्या कॉलेजला एफ-1 (विद्यार्थी व्हिसा) ची सेव्हिस नोंद, म्हणजे अमेरिकी सरकारच्या परदेशी विद्यार्थ्यांच्या यादीतली नोंद, नव्या कॉलेजकडे सोडायला सांगा. सोडण्याच्या तारखेआधी ती बदली रद्द करता येते, नंतर सूत्रं नव्या कॉलेजकडे जातात. नव्या आय-20 साठी (व्हिसाला लागणारं कॉलेजचं प्रवेशपत्र) पहिल्या वर्षाच्या पैशांचा पुरावा लागतो, म्हणून एफडी त्याआधी मोडू नका. 350 डॉलरची सेव्हिस फी पुन्हा पडत नाही. शैक्षणिक कर्ज असेल तर बँकेला नव्या कॉलेजची कागदपत्रं आधी दाखवा. मंजुरी जुन्या कॉलेजच्या नावावर असते.

राहण्या-जेवणाचा खर्च शिष्यवृत्तीतून झाला तर त्या भागावर एफ-1 विद्यार्थ्याचा 14 टक्के कर कापतात. असा भाग समजा 12,000 चा असेल तर कर 1,680. बरीच कॉलेजं तो विद्यार्थ्याच्या खात्यावरच टाकतात. भारत-अमेरिका कर करारामुळे भारतीय विद्यार्थ्याला प्रमाणित वजावट मिळते, म्हणून 1040-एनआर (अनिवासींचं अमेरिकी कर विवरणपत्र) भरल्यावर त्याचं दुसरं मोठं उत्पन्न नसेल तर केंद्रीय कर सहसा परत येतो. पण तोवरचे सात-आठ महिने ते 1,680 डॉलर हाताशी ठेवावे लागतील.