काका म्हणतात, ठाणं आता ठाणं राहिलं नाही

प्रश्न : आमचे काका जन्मापासून नौपाड्यात. वाडा जाऊन टॉवर झाला आणि आता रोज एकच रेकॉर्ड, ठाणं बिघडलं, घोडबंदरवाल्यांनी वाट लावली. मी घोडबंदर रोडवरच्या कासारवडवलीला फ्लॅट घेतलाय, त्यामुळे हे वाक्य आलं की सगळे माझ्याकडे बघतात. खरंच आमच्यामुळे झालं का हो?
– एक वाचक, कासारवडवली

उत्तर : ट्रॅफिकबद्दल म्हणत असतील तर काका शंभर टक्के बरोबर, तिथे वाद घालू नका. पण वाड्याच्या कागदांवर सह्या कुणी केल्या तेही एकदा प्रेमाने विचारा, घोडबंदरवाला काही रात्रीचा येऊन कौलं काढून गेला नव्हता!

आणि काकांचं ठाणं म्हणजे नक्की किती? नौपाडा, चरई, राम मारुती रोड, फार तर तलावपाळी. चेंदणी कोळीवाड्यातल्या एखाद्या आजीला विचारलंत तर ती म्हणेल तुमचा नौपाडाच कालपरवाचा, कारण १८५३ला बोरीबंदरहून गाडी आली, पुढे स्टेशनभोवती गर्दी वाढत गेली आणि आज कोळीवाडा रुळाच्या अलीकडेही आहे नि पलीकडेही. घोडबंदर रोडला सगळं नवं हेही तसं खोटंच, माजिवडा, मानपाडा, कासारवडवली, ओवळा ही मुळात गावंच, आगरी-कोळ्यांची, तुमचे टॉवर त्यांच्या शेतात उभे आहेत, म्हणजे तक्रार करायचा पहिला नंबर काकांचा नाहीच.

जुनं जपायचंच तर ते आपणही कुठे जपलं? मराठ्यांनी १७३७ला पोर्तुगीजांकडून घेतलेला किल्ला आपल्याला फक्त जेल म्हणून माहीत. मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३पासून आहे, काकांचं तिथलं कार्ड चालू आहे का बघा (माझा अंदाज, नसेल).

मला विचाराल तर दिवाळी पहाटेला राम मारुती रोडला जा. कुर्ते, नऊवारी, गॉगल, सेल्फी, पाय ठेवायला जागा नाही, आणि त्यातली बरीचशी पोरं घोडबंदरहूनच सकाळी सकाळी आलेली असतात. मॉल हाताशी असून ती गावात येतात, यात मला तरी शहर बिघडलेलं दिसत नाही. काकांना मात्र तेव्हा आवाजाचा त्रास होतो.

एखाद्या रविवारी त्यांना कासारवडवलीला बोलवा, राममंदिर आणि तलाव दाखवा. रिक्षानेच या म्हणावं, पार्किंगला जागा नाही.