मेक्सिकोतल्या कान्कूनमध्ये टॅक्सीशिवाय फिरता येईल का?

हो, आरामात. विमानतळाबाहेर पडताना टॅक्सीवाले गराडा घालतात. थांबू नका, टर्मिनलवरच्या एडीओ बसच्या काउंटरवर तिकीट काढा. साधारण अर्ध्या तासात तुम्ही शहरातल्या मुख्य बस स्टँडवर असाल.

तिथून समुद्रकिनाऱ्यावरच्या हॉटेल झोनकडे आर-१ आणि आर-२ या बस सतत धावतात. हा भाग म्हणजे २० किलोमीटरहून लांब, इंग्रजी सातच्या आकड्यासारखी चिंचोळी पट्टी, आणि मुख्य रस्ता एकच: कुकुलकान. त्यामुळे पत्ते किलोमीटरमध्येच असतात. हॉटेलचा किलोमीटर पाठ करा आणि कडेच्या पाट्यांवर नजर ठेवा. उतरायचं असलं की ‘बाहान!’ असं मोठ्याने म्हणा.

भाडं पेसोतच द्या. डॉलर घेतले तरी हिशेबात तुम्हीच बुडता. एटीएममधून येते ५०० ची नोट, आणि ती बघून ड्रायव्हर वैतागतो. आधी ऑक्सोच्या दुकानात पाण्याची बाटली घेऊन ती नोट मोडून घ्या.

टॅक्सी घ्यावीच लागली तर तिला मीटर नसतो, बसण्याआधी भाडं ठरवा. हॉटेलच्या दारात उभी असलेली टॅक्सी महाग पडते; थोडं चालून रस्त्यावरची पकडा.

जवळच्या इस्ला मुहेरेस बेटावर जायचं तर पुएर्तो हुआरेसच्या धक्क्यावर जा, आर-१ तिथवर जाते. बोट २० मिनिटांत पोचवते. हॉटेल झोनमधूनही बोटी सुटतात, पण तिकीट महाग.