नदीकडे बघितलं की फक्त फूट आठवतात

प्रश्न : ताई, मी सांगलीत नदीजवळच राहते, वय ५२. डॉक्टरांनी चालायला सांगितलंय म्हणून रोज संध्याकाळी घाटावर जाते. बरोबरच्या बायका म्हणतात काय छान वाटतं इथं, मला काही वाटतच नाही. २०१९ च्या पुरात घरात पाणी शिरलेलं, तेव्हापासून नदी दिसली की डोक्यात एकच, आयर्विन पुलाला पाणी किती फूट? मुलगी म्हणते माइंडफुलनेस कर, म्हणजे आत्ता जे जाणवतंय त्याकडे नुसतं लक्ष दे, पण डोळे मिटून बसलं की उलट जास्तच धडधडतं. मला आता आनंद होणारच नाही का?

उत्तर : होईल की. त्या वर्षी नदी ५७ फुटांवर गेलेली, मग नजर आधी पुलाच्या खांबाकडे जाणारच, ती तुम्हाला जपायलाच तसं शिकलीय, तिच्यावर चिडू नका. पण सुरुवात नदीपासून करू नका, आणि डोळे मिटायची तर काहीच सक्ती नसते.

बेदाण्यापासून करा. खरंच सांगतेय. जॉन कबाट-झिन यांनी १९७९ मध्ये अमेरिकेत जुनाट दुखण्याच्या पेशंटसाठी जो माइंडफुलनेसचा कोर्स सुरू केला ना, त्यात सुरुवातीलाच हातात देतात तो बेदाणा, आणि आपल्याकडे तासगावचा बेदाणा डबा भरून असतो तरी आपण तो शिऱ्यात टाकून गिळून मोकळे. एकच घ्या, खिडकीत उजेडात धरा. हिरवट पिवळा, कडेनं उजेड आरपार जातो, सुरकुत्यांत जरा गडद, आणि एका टोकाला देठाची बारीकशी खूण. आता तोंडाजवळ न्या. चावायच्या आधीच जिभेखाली पाणी सुटतं बघा, तिथंच थांबा, हेच ते सुख, शरीरानं तुम्हाला न विचारता दिलेलं. आपण आनंद म्हणजे ऊर भरून यायला पाहिजे असं धरून बसतो आणि मग जबडा सैल पडला, खांदे उतरले, लांब श्वास सुटला हे सगळं तसंच निघून जातं, लक्षातच येत नाही.

आठ-दहा दिवस झाले की घाटावर करून बघा. पुलाकडे नको, पलीकडे सांगलीवाडीच्या झाडांकडे बघा, लांब बघताना डोळ्यातला स्नायू सैलावतो, मोबाईल बघून तो आवळलेला असतो. मग बघा अंगात कुठं बरं वाटतंय, कपाळावर, पोटात, नुसतं तळपायाला वाटलं तरी चालेल. सापडलं की तीन श्वास तिथंच राहा, श्वास सावकाश सोडा, सोडताना ठोके जरा मंदावतात. नाही सापडलं तर ओढून आणू नका, घरी जा, उद्या परत. मधेच फूट आठवले तर आठवू देत, पाय पायरीवर टेकलेत तेवढं जाणवू द्या आणि नजर परत झाडांवर न्या.

पण पाऊस लागला की झोपच उडत असेल, तो पूर परत परत डोळ्यांपुढे येत असेल तर हे एकटीनं करत बसू नका, मानसोपचारतज्ज्ञांना भेटा, उशीर झालाय असं तर अजिबात समजू नका. आणि बेदाण्याचं काय झालं ते नक्की कळवा, मी वाट बघतेय.