स्वतः भेदभाव सोसलेले अल्पसंख्य समाज आपल्यातल्याच वेगळ्या माणसांना दूर का ठेवतात?

तुम्ही दोन गोष्टी विचारल्या आहेत. ज्यांना बाहेरच्यांनी हिणवलं, तीच माणसं आपल्या समाजातल्या मिश्र विवाहाच्या मुलांना का हिणवतात, ही पहिली. आणि हे उघड बोललं तर बाहेरच्यांच्या हाती आयतं कोलीत मिळतं असं तुमच्या घरचे म्हणतात, ते खरं का, ही दुसरी. दुसरीचं उत्तर आधीच देते: नाही. पहिलीसाठी मात्र मला आमच्या समाजाचा इतिहास सांगावा लागेल, कारण याच्याइतकं जवळून मी दुसरं काही पाहिलेलं नाही.

मी बेने इस्रायल, म्हणजे मराठी ज्यू. आमची परंपरा सांगते की अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यापाशी गलबत फुटलं आणि सात जोडपी वाचली, त्यांचे आम्ही वंशज. कोकणात आमचे लोक तेल गाळायचे आणि शनिवारी घाणा बंद ठेवायचे, म्हणून शनवार तेली म्हणून ओळखले जायचे. पेणकर, रोहेकर, केहिमकर ही आडनावं तिथल्याच गावांवरून आलेली. मुंबईतलं पहिलं सिनेगॉग, म्हणजे ज्यूंचं प्रार्थनास्थळ, १७९६ साली सामाजी हसाजी दिवेकरांनी बांधलं. आमचे लोक त्याला मशीदच म्हणतात.

एकोणिसाव्या शतकात बगदाद, बसरा, हलब (अलेप्पो) अशा ठिकाणांहून अरबी बोलणारे ज्यू व्यापारी मुंबईत आले. ससून घराणं त्यांतलंच. सगळ्यांना आपण बगदादी म्हणतो. सुरुवातीला दफनभूमी सामाईक होती. मग १८३६ साली बगदादी मंडळींनी सरकारकडे अर्ज केला, की दफनभूमीत त्यांच्या आणि बेने इस्रायलांच्या कबरींमध्ये भिंत घालून द्या. पुढे त्यांनी स्वतःची सिनेगॉग बांधली. सामुदायिक प्रार्थनेला किमान दहा प्रौढ पुरुष लागतात, त्याला मिनियान म्हणतात. त्या दहांत आमच्या पुरुषांना मोजायचं नाही, तोरा हा धर्मग्रंथ वाचायला बोलवायचं नाही, मुलींची सोयरीक तर दूरच. कारण एकच सांगितलं जायचं: यांचं रक्त शुद्ध असल्याची खात्री नाही. रंगूनमध्ये बगदादींनी आमच्या लोकांना सिनेगॉगच्या विश्वस्त निवडणुकीतून वगळलं तेव्हा प्रकरण उच्च न्यायालयात गेलं, आणि १९३५ साली निकाल बेने इस्रायलांच्या बाजूने लागला. ज्यूंनी ज्यूंविरुद्ध, ज्यूपण कोणाचं खरं यासाठी, इंग्रजांच्या कोर्टात भांडायचं, ही वेळ आली होती.

हे बगदादी स्वतः कोण होते? मायदेशात ज्यू म्हणून दुय्यम वागणूक मिळालेली माणसं. डेव्हिड ससून यांना तर बगदादच्या सुभेदाराच्या जाचामुळे शहर सोडावं लागलं होतं. मुंबई-कलकत्त्यात त्यांना सुरक्षितता मिळाली आणि पैसाही, पण राज्यकर्त्यांच्या नजरेत आपण ‘नेटिव्ह’ नाही, युरोपियनांच्या जवळचे आहोत, हे त्यांना सतत सिद्ध करावं लागत होतं. अशा वेळी काळेसावळे, नऊवारी नेसणारे, मराठीत भांडणारे ज्यू शेजारी उभे राहिले की त्यांची पंचाईत व्हायची. साहेब म्हणणार, अच्छा, तुम्ही आणि हे एकच? मला वाटतं दफनभूमीतल्या त्या भिंतीचा अर्ज धर्मापेक्षा या भीतीतून जास्त आला. द्वेष असता तर शेजारी राहूनही चाललं असतं. सारखेपणाची भीती होती, म्हणून भिंत हवी होती.

इथे थांबले तर गोष्ट माझ्या सोयीची होईल, कारण यात आम्ही फक्त सोसणारे आहोत. पण बेने इस्रायलांतही गोरे आणि काळे असे दोन भाग होते. दोन्ही बाजूंनी बेने इस्रायल असलेले ते गोरे. बेने इस्रायल पुरुष आणि बाहेरची बाई यांची संतती, आणि त्या संततीची संतती, ते काळे. कातडीशी याचा फारसा संबंध नव्हता. काळे तोच शब्बाथ, म्हणजे शनिवारची विश्रांती, पाळायचे, तोच एलियाहू हानाबी या प्रेषिताच्या नावाचा मलिदा करायचे, तरी गोरे त्यांच्याशी लग्नव्यवहार करत नसत, पंगतीला बसत नसत. हायम सॅम्युएल केहिमकरांनी एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी आमच्या समाजाचा इतिहास लिहिला, त्यात हे नोंदलेलं आहे.

माझी आजी सांगायची, मुंबईतल्या एका बगदादी सिनेगॉगमध्ये तिच्या वडिलांना दहांत मोजलं नव्हतं. नऊ माणसं दहाव्याची वाट बघत बसली होती, आणि वडील समोर उभे. हे सांगताना म्हातारपणीसुद्धा तिचा आवाज चढायचा. आणि याच आजीने माझ्या धाकट्या आत्याला स्थळ आलं तेव्हा पहिला प्रश्न केला, “गोऱ्यांतलेच आहेत ना?” तिला या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध आहे असं वाटलंच नाही. तिला वाईट म्हणण्याने काही उलगडणार नाही. ज्या आरोपाने तिच्या वडिलांना बाहेर उभं केलं, तो आरोप खोटा ठरवायचा तिला माहीत असलेला एकच रस्ता होता: मिसळलेले ते, आम्ही नाही. आरोप करणाऱ्याची फूटपट्टी तिने फेकून दिली नाही, ती हातात घेतली आणि आपल्याहून खालच्याला लावली.

डॉ. आंबेडकरांनी श्रेणीबद्ध विषमतेबद्दल जे सांगितलं, वरच्याविषयी चढता आदर आणि खालच्याविषयी उतरता तिरस्कार, ते आपण हिंदू जातींपुरतं धरतो. पण ज्यू धर्मात जातीला काहीही आधार नसताना आम्ही कोकणात राहून ती रचना उचलली. कोचीनच्या ज्यूंमध्येही तेच. तिथल्या ‘परदेशी’ नावाच्या सिनेगॉगमध्ये गोऱ्या ज्यूंच्या मुक्त केलेल्या दासांच्या वंशजांना आत बसण्याचा अधिकार नव्हता. त्यांच्यातले वकील अब्राहम बराक सालेम यांनी याविरुद्ध गांधींच्या वाटेने सत्याग्रह केला. त्यांच्या मुलाने १९५० साली गोऱ्यांच्या घरातल्या मुलीशी लग्न केलं, त्यासाठी त्या दोघांना मुंबई गाठावी लागली.

१९४८ नंतर आमचे बहुतेक लोक इस्रायलला गेले. तिथे तरी प्रश्न संपेल असं वाटलं होतं. रंगावरून वाईट वागवतात म्हणून १९५१-५२ मध्ये काहींनी तेल अवीवमध्ये धरणं धरलं आणि शंभरावर माणसं भारतात परत आली. पण खरा घाव १९६२ चा. मुख्य रब्बी, म्हणजे मुख्य धर्मगुरू, यित्झाक निस्सिम यांच्या काळात निर्देश निघाला, की बेने इस्रायलाचं बाहेरच्या ज्यूशी लग्न लावण्याआधी त्याच्या आईच्या बाजूच्या पूर्वजांची जितकं मागे जाता येईल तितकी चौकशी करा. पूर्वजांत बाहेरचं कोणी होतं का ही एक शंका, आणि दुसरी घटस्फोटाबद्दल होती. धार्मिक घटस्फोटाशिवाय बाईने दुसरं लग्न केलं, तर त्या लग्नाची मुलं मामझेर ठरतात आणि इतर ज्यूंशी त्यांचं लग्न होऊ शकत नाही. आता आमच्यात घटस्फोट जवळपास नव्हतेच, आणि उच्चवर्णीय हिंदूंप्रमाणे आमच्यातही विधवाविवाह सहसा होत नसे, म्हणजे बाईचं दुसरं लग्नच विरळा. ती चाल आमच्या विधवांच्या वाट्याला किती दुःख देऊन गेली हे वेगळं, पण तिच्यामुळेच रब्बींची घटस्फोटाबद्दलची शंका निराधार होती. पेण-रोह्याच्या घाण्यावर पिढ्या काढलेल्या माणसांनी पणजीच्या आईचे कागद कुठून आणायचे?

आमच्या लोकांनी मोर्चे काढले, १९६४ च्या उन्हाळ्यात जेरुसलेममध्ये धरणं धरलं. ऑगस्टमध्ये संसदेची खास बैठक झाली आणि बेने इस्रायल सर्वार्थाने ज्यू आहेत, असं सरकारने जाहीर केलं. महिनाअखेर रब्बींनी निर्देशातून आमचं नाव काढलं. चौकशी रद्द झाली नाही. ज्याच्याबद्दल शंका असेल त्या कोणाचीही करावी, असं झालं.

आणि मग १९८४-८५ मध्ये इथिओपियाचे ज्यू आले. रब्बींनी त्यांच्याकडे प्रतीकात्मक धर्मांतराची मागणी केली, त्यांनी जेरुसलेममध्ये धरणं धरलं. अगदी आमचीच गोष्ट. मी तिकडे गेले होते तेव्हा आमच्या एका नात्यातल्या काकांनी शेजारच्या इथिओपियन कुटुंबाकडे बोट दाखवून म्हटलं, “हे खरे ज्यू आहेत की नाही कोण जाणे.” काका चौसष्टच्या धरण्यात बसले होते. मी म्हटलं, “काका, तुमच्याबद्दल हेच म्हणत होते ना?” ते म्हणाले, “आमचं तर सिद्ध झालं.”

तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर मला त्या वाक्यात सापडतं. अन्याय सोसल्याने माणूस आपोआप न्यायी होत नाही. वरच्याकडून दाखला मिळवणं हाच जर लढा असेल, तर दाखला मिळाल्यावर तो जपावा लागतो, आणि जपायचा म्हणजे बिनदाखल्याच्या माणसापासून अंतर ठेवायचं. मिश्र विवाहाची मुलं अशा समाजाला सगळ्यात जास्त का खुपतात, तर ती समोर दिसली की आपल्या शुद्धतेचा दावा किती पोकळ आहे हे दिसतं.

आता घरच्यांच्या भीतीबद्दल. ती मी खोटी म्हणणार नाही, लहान समाजाबद्दल वाईट बोलायला लोक टपलेलेच असतात. पण आमच्यातलं गोरे-काळे केहिमकरांनी छापण्यासाठी लिहिलं, तेही समाजाचा अभिमान असलेल्या माणसाने, आणि त्याने आमचं काही बिघडलं नाही. गप्प राहण्याची किंमत मात्र काळ्या घरांनीच मोजली. आज ठाण्यात, मुंबईत आम्ही इतके थोडे उरलो आहोत की गोरे-काळे कोणी विचारत नाही. पण मिश्र लग्नाच्या मुलांचा प्रश्न निघतो तेव्हा अजून कुजबुज होते. तुमच्या समाजात ती मुलं कार्यक्रमाला येत असतील, तर त्यांच्या शेजारी बसा आणि त्यांचं नाव यादीत घाला. आणि कोणी त्यांच्या आईचं गाव-कूळ काढलं, तर “तुमच्या पणजीचे कागद आहेत का?” असं सगळ्यांसमोर विचारा.