गरीब देशांतल्या गावांसाठी स्वस्त तंत्रज्ञान बनवताना सगळ्यात आधी काय बघावं?

दुरुस्ती. किंमत नंतर.

इंडिया मार्क टू हा हातपंप घ्या. १९७० च्या दशकात भारतात तयार झाला, पुढे आफ्रिकेतही पोचला. दणकट आहे, पण खाली सिलिंडरमधला वॉशर झिजला की सगळे पाइप वर ओढून काढायचे. त्याला खास अवजारं आणि शिकलेली टोळी लागते, आणि ती बाहेरून यायची. तोवर एका वॉशरपायी अख्ख्या गावाची पायपीट! त्याच पंपाच्या पुढच्या आवृत्तीत, म्हणजे मार्क थ्रीमध्ये, पाइपच रुंद केला. त्यामुळे वॉशर ज्यावर बसतो तो पिस्टन पाइपातूनच वर निघतो, पाइप जागेवरच राहतो, आणि हे काम गावातली माणसं करू शकतात. रुंद पाइप जड आणि महाग पडतो, हे खरंय. तरी मी तोच निवडेन.

उलटं उदाहरण प्लेपंपचं. मुलं चक्रावर खेळणार आणि पाणी टाकीत चढणार. कल्पना इतकी गोड की २००६ साली अमेरिकेत १.६४ कोटी डॉलरची घोषणा झाली. पण मुलं खेळून खेळून किती खेळणार? मग बायकांनाच ते चक्र ढकलत बसावं लागलं. साधा हातपंप त्यापेक्षा स्वस्तही होता आणि सोपाही.

तेव्हा कागदावर रेघ ओढण्याआधी गावातल्या सायकलवाल्याची अवजारांची पेटी उघडून बघा. त्यातल्या पान्यांनी खोलता येणार नाही असा नट-बोल्ट वापरूच नका.