लेकीची परदेशातल्या स्पर्धेसाठी निवड झाली आहे, पैसे भरू का?

पत्र : माझी मुलगी दहावीत आहे, जन्म मे २०१० चा. सातवीपासून व्हॉलीबॉल खेळते. उंची पाच फूट सहा इंच. शाळेच्या संघात ती स्मॅशर आहे आणि यंदा शालेय स्पर्धेत विभागापर्यंत गेली. तिथे एका संस्थेच्या लोकांनी तिचा खेळ पाहिला. महिनाभरानं क्रीडाशिक्षकांमार्फत पत्र आलं की ‘आंतरराष्ट्रीय युवा महिला व्हॉलीबॉल चॅम्पियनशिप’साठी भारतीय संघात तिची निवड झाली आहे. स्पर्धा शेजारच्या देशात, खर्च ८५ हजार. नोंदणीचे पाच हजार आम्ही भरले. बाकीचे उसाचं बिल आलं की भरायचे आहेत. जन्मसाल थोडं पुढे करून देऊ, म्हणजे पुढेही खेळता येईल, असंही ते म्हणाले. गावात अभिनंदनाचा फलक लागला आहे. तिचे वडील म्हणतात, या प्रमाणपत्रावर पुढे सरकारी नोकरी लागेल. मला मात्र धाकधूक वाटते. तिला अकरावीला सायन्स द्यावं की खेळाकडेच जाऊ द्यावं, हेही कळत नाही. – एक आई, सांगली जिल्हा

ताई, नमस्कार.

उरलेले ८० हजार भरू नका. तुमची धाकधूक योग्य आहे. पत्रात तुम्ही जे जे लिहिलं आहे, त्यातली एकही गोष्ट खऱ्या निवडीच्या रीतीशी जुळत नाही. खरी रीत सविस्तर सांगतो, कारण ती घरातल्या सगळ्यांना, विशेषतः लेकीला, नीट कळणं गरजेचं आहे.

मुलींची खरी जागतिक स्पर्धा आंतरराष्ट्रीय व्हॉलीबॉल महासंघ भरवतो. पहिली १९८९ मध्ये ब्राझीलमध्ये झाली आणि सोव्हिएत संघानं जिंकली. तेव्हापासून ती दर दोन वर्षांनी, विषम सालात होते. आधी ती अठरा वर्षांखालील होती, २०२३ पासून एकोणीस वर्षांखालील झाली. सतरा वर्षांखालील मुलींची वेगळी स्पर्धा २०२४ मध्ये पेरूच्या लिमा शहरात सुरू झाली. हीच लिमा नगरी २०१५ च्या अठरा वर्षांखालील स्पर्धेची यजमान होती. तेव्हा वीस देशांचे संघ आले होते, एका संघात बारा मुली. म्हणजे अख्ख्या जगातून २४० मुली. तिथे पोचणं किती अवघड असतं, याचा अंदाज या एका आकड्यावरून यावा.

आशियातल्या मुलींना तिथे जायचं तर आधी आशियाई स्पर्धेचं दार ओलांडावं लागतं, आणि ते वर्षभर आधीच उघडून बंद होतं. २०२३ ची जागतिक स्पर्धा हंगेरी आणि क्रोएशियात झाली, पण तिच्यासाठीची आशियाई स्पर्धा २०२२ च्या जूनमध्येच थायलंडमधल्या नाखोन पाथोमला उरकली होती. जागा मोजक्या, आणि त्या जागांसाठी जपान, चीन, थायलंड, दक्षिण कोरिया उभे असतात. चीननं मुलींची ही जागतिक स्पर्धा २००१, २००३, २००७ आणि २०१३ अशी चार वेळा जिंकली आहे. आपला संघ या देशांशी लढायला जातो, तो राज्याच्या संघांतून राष्ट्रीय स्पर्धा, राष्ट्रीय स्पर्धेतून शिबिर आणि शिबिरातून बारा जणी, अशी चाळण लागून. विभागीय शालेय सामना पाहून थेट भारताच्या संघात घेतलं, असं होत नाही. निवडीचा मोबदला म्हणून पालकांकडून पैसे मागणं तर नाहीच नाही.

खरी कुमार जागतिक स्पर्धा आपल्याकडेही झाली आहे. २००९ मध्ये पुण्याला बालेवाडीच्या क्रीडासंकुलात मुलांची एकवीस वर्षांखालील स्पर्धा भरली होती. ब्राझील जिंकला आणि आपली मुलं चौथी आली. भारतीय व्हॉलीबॉलच्या दृष्टीनं ती फार मोठी कामगिरी होती, आणि आपण ती जवळजवळ विसरून गेलो याचं मला आजही वाईट वाटतं. त्या मुलांमागे अनेक वर्षांची राज्य आणि राष्ट्रीय पातळीवरची खेळी होती.

आता जन्मसालाचं. इथे मला अगदी कडक बोलावंसं वाटतं. जागतिक स्पर्धेचं वय जन्मवर्षावर ठरतं. २०२३ साठी १ जानेवारी २००५ किंवा त्यानंतरचा जन्म लागत होता, २०२५ साठी २००७. याच सूत्रानं तुमची लेक एकोणीस वर्षांखालील गटात २०२७ ला बसते आणि २०२९ ला बाहेर पडते. त्या गटात तिच्या वाट्याला ही एकच संधी आहे. हे ऐकून साल पुढे करण्याचा मोह एखाद्याला होईल. पण आपल्याकडच्या कुमार स्पर्धांत हाडांच्या एक्स-रेवरून वय तपासतात. शिवाय जन्मदाखला, शाळेचा दाखला, आधार आणि दहावीची गुणपत्रिका यांत एकदा फरक पडला की तो निस्तरता निस्तरता माणूस थकतो. दहावीचा फॉर्म भरताना तारखेला कुणी हात लावणार नाही, हे तुम्ही स्वतः बघा. आणि जो प्रशिक्षक किंवा संस्थाचालक वय बदलून देऊ म्हणतो, त्याच्यासोबत मुलीला परगावीही पाठवू नये, परदेशाची तर बातच नको.

तिच्या वडिलांना नोकरीचं वाटतं, ते समजण्यासारखं आहे. महाराष्ट्रात सरकारी नोकऱ्यांत खेळाडूंना पाच टक्के समांतर आरक्षण खरंच आहे आणि गुणी मुलींना त्याचा फायदाही होतो. पण त्यासाठी स्पर्धा मान्यताप्राप्त संघटनेची लागते, आणि प्रमाणपत्राची पडताळणी क्रीडा व युवक सेवा विभागाच्या विभागीय उपसंचालकांकडे होते. स्पर्धा कुणी भरवली, ती संघटना कुणाशी संलग्न, किती संघ होते, हे सगळं तिथे पाहिलं जातं. परदेशात चार खासगी संघ बोलावून वाटलेलं सुवर्णपदक त्या टेबलावर टिकत नाही. दहावी-बारावीचे सवलतीचे क्रीडागुणही त्यावर मिळत नाहीत. उलट बोगस प्रमाणपत्रांवर नोकऱ्या घेतलेल्यांवर आपल्या राज्यात कारवाया झाल्या आहेत. तुमच्या लेकीकडे विभागीय शालेय स्पर्धेचा जो कागद आहे, तो साधा दिसतो, पण तो शासनाच्या स्पर्धेचा आहे. तो जपून ठेवा. त्यावर कोणते क्रीडागुण मिळू शकतात, हे शाळेत आणि जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयात मुदतीआधी विचारा.

त्याच कार्यालयात या संस्थेचं पत्रही न्या आणि लेखी विचारा की ही स्पर्धा मान्यताप्राप्त आहे का. तोंडी उत्तरावर थांबू नका. व्हॉलीबॉलच्या राष्ट्रीय महासंघातच गेल्या काही वर्षांत बरेच वाद झाले. आंतरराष्ट्रीय महासंघानं २०१६ मध्ये त्याला निलंबितही केलं होतं. अशा वेळी सारख्या नावांच्या संस्था उगवतात आणि पालकांची दिशाभूल होते. भरलेले पाच हजार परत मागायचं पत्रही पाठवा, पैसे पाठवल्याच्या नोंदी जपून ठेवा. क्रीडाशिक्षकांवर लगेच रागावू नका. आपली विद्यार्थिनी भारताकडून खेळणार या आनंदात त्यांनीही चौकशी केली नसेल. त्यांनाच सोबत घेऊन कार्यालयात जा.

फलकाचा विषय तुम्ही ओझरता लिहिला आहे, पण मला वाटतं घरात खरी अडचण तीच आहे. गावात कळलं, आता माघार कशी घ्यायची? ताई, स्पर्धा मान्यतेची नव्हती म्हणून आम्ही गेलो नाही, एवढं सांगा. त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही, आणि गावातल्या दुसऱ्या एखाद्या घराचे पैसेही वाचतील. लेकीला मात्र हे बाहेरून कळू देऊ नका. आई-वडील दोघांनी तिला समोर बसवून सांगा. तिचा खेळ खोटा नाही, आमंत्रण खोटं होतं, हा फरक तिच्या मनात पक्का झाला पाहिजे. ती रडेल, रडू द्या. दुसऱ्या दिवशी सकाळी मैदानावर मात्र पाठवा.

आता तिच्या खेळाबद्दल, कारण मला तिच्यात खरंच रस वाटतो. दहावीतली पाच फूट सहा इंचांची मुलगी आपल्या शाळांत उंच ठरते आणि सर तिला नेटवर उभी करतात. जागतिक मैदानावर हिशोब वेगळा आहे. मुलींच्या नेटची उंची २.२४ मीटर. चीनची झू तिंग, हेनान प्रांतातल्या खेड्यातल्या पाच बहिणींपैकी एक, १.९८ मीटर उंच. २०१३ च्या वीस वर्षांखालील जागतिक स्पर्धेत ती सर्वोत्तम खेळाडू ठरली आणि २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्येही. इटलीची पाओला एगोनू १.९३ मीटर. तिनं २०१५ ला लिमात अठरा वर्षांखालील विजेतेपद आणि सर्वोत्तम खेळाडूचा मान मिळवला, आणि २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकच्या सुवर्णपदकातही तीच सर्वोत्तम ठरली. तुमची लेक आणखी एखाद-दोन इंच वाढेल, पण स्मॅशर म्हणून राष्ट्रीय शिबिरापर्यंत जाणं तिला फार जड जाईल.

पण पॅरिसच्या त्याच इटालियन संघात मोनिका दे जेन्नारो होती. वय सदतीस, उंची पावणेसहा फुटांनाही थोडी कमी, आणि जगातली एक अव्वल लिबेरो. लिबेरो म्हणजे वेगळ्या रंगाची जर्सी घालून मागच्या रांगेत खेळणारी, सर्व्हिस आणि स्मॅश उचलणारी खेळाडू. ही जागा १९९८ मध्ये खेळात आली आणि कमी उंचीच्या मुलींसाठी मोठं दार उघडलं. दुसरी जागा सेटरची, म्हणजे स्मॅश मारणारीला चेंडू वर उचलून देणारीची. चेंडूचा दुसरा स्पर्श तिचा, त्यामुळे सगळा खेळ तिच्या डोक्यानं चालतो. तुमच्या लेकीनं येती दोन वर्षं या दोन जागांसाठी द्यावीत असं माझं ठाम मत आहे. तिला आधी हे आवडणार नाही, कारण टाळ्या स्मॅशला पडतात. सरांशी बोला, रोजच्या सरावात रिसीव्ह आणि सेटिंगला वेगळा वेळ मागून घ्या. भिंतीवर बोटांनी चेंडू खेळवणं घरीही होतं. तुमच्या भागात जत्रेच्या वेळी शूटिंग व्हॉलीबॉलच्या स्पर्धा होतात. तो झकास खेळ आहे, पण वेगळा आहे, त्यात सेटिंग नाही. त्याची सवय हाताला लागू देऊ नका.

गुडघ्यांची काळजी आत्तापासून घ्या. सिमेंटच्या मैदानावर रोज शंभर उड्या नकोत, मातीचं मैदान बरं. हिमोग्लोबिन तपासून घ्या. या वयात मैदानावर दमणाऱ्या कितीतरी मुलींचं दुखणं तेवढंच असतं.

अकरावीचं म्हणाल, तर शाखेआधी कॉलेज निवडा. जिथे मुलींचा व्हॉलीबॉल संघ खरोखर सराव करतो, संघ एकोणीस वर्षांखालील शालेय स्पर्धेत उतरतो आणि मुक्काम सुरक्षित आहे, असं कनिष्ठ महाविद्यालय जिल्ह्यात किंवा शेजारी कोल्हापुरात शोधा. तिला विज्ञान झेपत असेल तर जीवशास्त्र घेऊन सायन्सला जाऊ द्या, फिजिओथेरपीची वाट उघडी राहील. पण नीटचा दोन वर्षांचा पूर्ण वेळ क्लास आणि दोन वेळचा सराव एकत्र जमत नाही. दोन्हींवर पैसे खर्चून दोन्ही अर्धवट राहिलेली घरं मी पाहिली आहेत. सायन्स नको वाटलं तर कला शाखा घेऊन शारीरिक शिक्षणाकडे जाणं हा कमी दर्जाचा मार्ग नाही. अमरावतीचं हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ, पुण्याचं चंद्रशेखर आगाशे महाविद्यालय, ग्वाल्हेरची लक्ष्मीबाई संस्था आणि पुढे प्रशिक्षक व्हायचं तर पतियाळाची राष्ट्रीय क्रीडा संस्था, ही नावं वहीत लिहून ठेवा.

नोकरीच्या दृष्टीनं रेल्वेच्या क्रीडा कोट्याकडे लक्ष ठेवा. देशाच्या महिला व्हॉलीबॉलमध्ये रेल्वे आणि केरळ यांचं वर्चस्व आहे, आणि रेल्वेच्या मुली नोकरी करत खेळतात. पोलीस आणि निमलष्करी दलांतही खेळाडूंची भरती होते. तिथे कामाला येतात राज्य आणि राष्ट्रीय स्पर्धांचे खरे कागद. एक नवं कामही सांगतो. मोठ्या संघांसोबत बाकावर लॅपटॉप घेऊन बसलेला विश्लेषक असतो, प्रत्येक सर्व्हिस, प्रत्येक पास तो नोंदवतो. डेटा व्हॉली नावाची इटालियन संगणक प्रणाली त्यासाठी जगभर वापरतात. खेळ समजणाऱ्या आणि गणित न टाळणाऱ्या मुलीला हे काम जमू शकतं.

त्या ८० हजारांतून तिला चांगले बूट, गुडघ्यांचे पॅड आणि दोन चेंडू घ्या. उन्हाळ्याच्या सुट्टीत एका बऱ्या निवासी शिबिराला पाठवा. उरलेले अकरावीच्या वसतिगृहासाठी ठेवा.

आणि माझं एक काम करा. भिंतीशी उभं राहून हात वर केल्यावर तिचं बोट कुठवर पोचतं, आणि जागेवरून उडी मारून कुठवर पोचतं, या दोन खडूच्या खुणांची उंची सेंटिमीटरमध्ये मोजा. ते आकडे आणि जिल्हा क्रीडा कार्यालयाचं लेखी उत्तर मला पाठवा. कॉलेजांची निवड आपण त्यानंतर करू. पुढचं पत्र शक्यतो लेकीला स्वतःला लिहू द्या. सेटर व्हायचं की लिबेरो, याबद्दल तिला काय वाटतं हे मला तिच्याकडूनच ऐकायचं आहे.