वाचकांचे प्रश्न: व्यंगचित्रकार आणि टीव्ही अ‍ॅनिमेशन

प्रश्न: गेली काही वर्षं दिवाळी अंकांत माझी व्यंगचित्रं छापून येतात. मुंबईतल्या एका स्टुडिओत कॅरेक्टर डिझाइनची टेस्ट दिली. ‘चित्रं छान आहेत, पण पात्र फिरत नाही,’ असं सांगितलं गेलं. म्हणजे नेमकं काय चुकलं?
– वाचक, सांगली

उत्तर: छापील व्यंगचित्रातलं पात्र एकाच बाजूने दिसतं. चेहरा समोरून आणि नाक बाजूने, किंवा दोन्ही डोळे एकाच गालावर, हे तिथे खपतं. पुष्कळदा गंमतच त्यात असते. मालिकेत तेच पात्र मान वळवतं, पाठमोरं चालतं, जिना चढतं. शिवाय ते काढणारे हात तुमचे नसतात. म्हणून स्टुडिओ टर्नअराउंड मागतो: समोरून, थ्री-क्वार्टर (समोर आणि बाजू यांच्या मधून, तिरकं), बाजूने, मागून थ्री-क्वार्टर आणि पाठमोरं, अशी पाच उभी चित्रं एका ओळीत. माथा, डोळे, हनुवटी, खांदे, कंबर, गुडघे आणि टाचा यांवरून आडव्या रेषा पाचही चित्रांतून आरपार ओढा. समोरच्या चित्रात हनुवटी ज्या रेषेवर आहे, तिथेच ती बाजूच्या चित्रातही आली पाहिजे.

बहुतेकांची गाडी थ्री-क्वार्टरला अडते. लांबचा डोळा जवळच्याइतकाच रुंद काढला जातो आणि चेहरा चपटा दिसतो. आधी डोक्याचा गोळा काढा, त्यावर मधली उभी रेषा आणि डोळ्यांची आडवी रेषा गोलाईने वळवा, मग नाक-डोळे बसवा. कपाळावरची बट, एका बाजूचा भांग, तिरकी टोपी यांचं पात्र उलट्या दिशेला वळल्यावर काय होणार, तेही टर्नअराउंडच्या शीटवर दाखवून ठेवा. ते लिहिलेलं नसलं की प्रत्येक जण आपापल्या मनाने काढतो आणि पुढे रिटेकचा, म्हणजे पुन्हा करायच्या कामाचा, ढीग लागतो.

दुसरी अडचण बारकाव्यांची. आपल्याकडे टीव्हीसाठी साधारणपणे सेकंदाला २५ फ्रेम्स धरतात. ११ मिनिटांच्या भागात १६,५०० फ्रेम्स होतात. एक चित्र दोन फ्रेम्स टिकवलं तरी ८,२५० चित्रं. स्थिर पोझमुळे हा आकडा बराच उतरतो, पण शर्टावर चौकडा काढलात तर तो हजारो वेळा, प्रत्येक घडीसकट, कुणाला तरी काढावा लागणार. बटणं तीनवर आणा, चौकड्याऐवजी सपाट रंग द्या, शक्य तिथे बोटं चार करा.

मालिका कटआउट पद्धतीची असेल, म्हणजे हात-पाय-डोकं वेगवेगळे तुकडे जोडून रिग (हलवता येणारं बाहुलं) बनवायचा असेल, तर सांध्यांचा विचार डिझाइनमध्येच करावा लागतो. कोपराशी दंडाचं खालचं टोक आणि मनगटाकडच्या तुकड्याचं वरचं टोक, दोन्ही एकाच मापाची अर्धवर्तुळं हवीत आणि त्यांचा मध्यबिंदू एकच हवा. माप जुळलं नाही की हात वाकताच एकीकडे फट पडते, दुसरीकडे कोपरा बाहेर येतो. अमेरिकेत हॅना-बार्बेरा या स्टुडिओने १९५० च्या दशकाच्या अखेरीस टीव्हीसाठी कमी चित्रांचं अ‍ॅनिमेशन सुरू केलं, तेव्हा योगी बेअरसारख्या पात्रांच्या गळ्यात कॉलर-टाय घातले. धड स्थिर ठेवून नुसतं डोकं हलवता येतं आणि जोड कॉलरखाली झाकला जातो. डिझाइन म्हणतात ते याला.

प्रश्न: कॅरेक्टर डिझाइन, स्टोरीबोर्ड, अ‍ॅनिमेशन यांपैकी व्यंगचित्रकाराने कशाकडे वळावं? स्टोरीबोर्डच्या टेस्टमध्ये काय बघतात?
– वाचक, नाशिक

उत्तर: स्टोरीबोर्डकडे, म्हणजे पटकथा शॉटनुसार चित्रांच्या चौकटींत मांडण्याच्या कामाकडे, असं आमचं ठाम मत आहे. मालिकेची मुख्य पात्रं एकदाच ठरतात, नंतर किरकोळ पाहुणी पात्रंच उरतात. बोर्ड मात्र प्रत्येक भागाला नवा लागतो. शिवाय चौकटीत काय ठेवायचं, काय गाळायचं, नजर आधी कुठे जावी, हा निर्णय व्यंगचित्रकार रोजच घेत असतो. ही जाण सॉफ्टवेअरच्या कोर्समधून येत नाही. सॉफ्टवेअर त्यामानाने लवकर शिकता येतं.

टेस्टमध्ये बहुधा एक-दोन पानांची पटकथा आणि मालिकेची मॉडेल शीट (पात्रांची ठरलेली नमुनाचित्रं) देतात. तपासणारा रेषेची सफाई शेवटी बघतो. आधी पाहतो ते दिशांकडे. पात्र चौकटीच्या उजव्या कडेने बाहेर गेलं, तर पुढच्या शॉटमध्ये ते डावीकडून आत यायला हवं. नाहीतर परत फिरलं असं वाटतं. दोघं समोरासमोर बोलत असतील तर त्यांना जोडणारी एक रेषा मनात धरा आणि कॅमेरा तिच्या एकाच बाजूला ठेवा. रेषा ओलांडली की दोघंही एकाच दिशेला बघताना दिसतात आणि कोण कुणाशी बोलतंय ते कळेनासं होतं.

व्यंगचित्रकारांची हमखास चूक म्हणजे एका शॉटला एकच चित्र. छापील चित्रात परमोच्च क्षण पकडला की झालं; पोझमधून पोझमध्ये कसं जायचं, हे बोर्डात दाखवावं लागतं. समजा, माणूस खुर्चीवर बसतो आणि खुर्ची मोडते. एवढ्यालाही किमान पाच पॅनल्स (चौकटी) लागतात: खुर्चीकडे पाहणं, बसायला वाकणं, टेकल्यावर क्षणभर समाधान, पाय मोडतानाचा चेहरा, आणि जमिनीवर. तिसरं पॅनल गाळलंत तर हसू येत नाही, कारण पडण्याआधी प्रेक्षकाला थांबायला जागाच मिळत नाही.

वेळही मोजा. संवाद स्वतः अभिनयासह मोठ्याने म्हणा, स्टॉपवॉच लावा, सेकंद पॅनलखाली लिहा. मनातल्या मनात वाचून लिहिलेली वेळ बहुतेकदा कमी भरते आणि अ‍ॅनिमॅटिक (बोर्डातली चित्रं आवाजासह वेळेनुसार लावलेली फिल्म) जोडताना भाग लांबतो. त्या टप्प्यावर कापणं स्वस्त पडतं. अ‍ॅनिमेशन झाल्यावर कापलं तर कुणाची तरी तयार मेहनत वाया जाते. सुरुवातीपासूनच १६:९ ची चौकट घ्या.

प्रश्न: लिप-सिंकसाठी तोंडाचे किती आकार काढावे लागतात? मराठी संवादांना वेगळे लागतात का?
– वाचक, पणजी

उत्तर: सात-आठ आकारांत भागतं, आणि मराठीला वेगळा संच लागत नाही. ओठ मिटलेला आकार सर्वांत महत्त्वाचा: प, ब, भ, म या सगळ्यांना तो एकच चालतो. तो निदान दोन फ्रेम्स टिकवा. ‘मामा’ म्हणताना ओठ मिटलेच नाहीत तर प्रेक्षकाला लगेच खटकतं, उलट त, द, न, ल यांत थोडं इकडेतिकडे झालं तरी लक्षात येत नाही. आकार आवाजाच्या एक-दोन फ्रेम्स आधी लावा. नेमक्या जागी लावला तर मागे पडल्यासारखा वाटतो. प्रत्येक अक्षराला तोंड बदलू नका, ते फडफडतं.

प्रश्न: वय ३४, कलाशाखेची पदवी नाही. उशीर झाला का?
– वाचक, पुणे

उत्तर: नाही. आयआयटी मुंबईच्या आयडीसी या डिझाइन विभागात अ‍ॅनिमेशनचं पदव्युत्तर शिक्षण आहे (त्यासाठी सीईईडी ही प्रवेशपरीक्षा), अहमदाबादच्या एनआयडीत (राष्ट्रीय डिझाइन संस्थेत) अभ्यासक्रम आहे. पण स्टुडिओत काम मागताना पोर्टफोलिओच बोलतो. कामावर राहूनही शिकता येतं: भारतीय अ‍ॅनिमेशनचे अध्वर्यू राम मोहन १९५६ मध्ये मुंबईत फिल्म्स डिव्हिजनच्या कार्टून विभागात रुजू झाले आणि डिस्नेत काम केलेल्या क्लेअर वीक्स यांच्याकडे तिथेच शिकले. पोर्टफोलिओत दोन पूर्ण बोर्ड, दोन टर्नअराउंड, हावभावांची एक शीट आणि रस्त्यावर, एसटी स्टँडवर झरझर काढलेली स्केचेस ठेवा. तयार झालेली देखणी छापील चित्रं दोन-तीनच पुरेत.

प्रश्न: माझ्या एका व्यंगपात्रावर मालिका करायची, असं एक निर्माता म्हणतो. सही करण्याआधी काय पाहू?
– वाचक, कोल्हापूर

उत्तर: नोकरीत असताना कामाचा भाग म्हणून काढलेल्या पात्राचा हक्क, वेगळा करार नसेल तर, मालकाकडे जातो. तुमचं पात्र आधीपासून तुमचं आहे, म्हणून छापून आलेल्या पानांच्या तारखांसह प्रती जपून ठेवा. कॉपीराइट कायदा, १९५७ प्रमाणे हक्क हस्तांतर लेखी आणि सहीनिशी लागतं. करारात मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षं धरली जाते आणि प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. म्हणूनच समोरचा ‘कायमस्वरूपी’ आणि ‘जगभर’ हे दोन शब्द घालायला विसरत नाही. ते असतील तर मोबदलाही त्या मानाने मागा. खेळणी, दप्तरं, पुस्तकं यांवरच्या पात्राच्या वापराचं कलम मालिकेच्या मानधनात मिसळू देऊ नका, त्याचा वाटा वेगळा लिहून घ्या. श्रेयनामावलीत तुमचं नाव कुठे आणि कोणत्या शब्दांत येणार, तेही कराराच्या मजकुरातच हवं. सहीआधी कॉपीराइटचं काम करणाऱ्या वकिलाला मसुदा दाखवा.